आमोस भिंगारदिवेचा नमुन्यांचा आल्बम

आमोस भिंगारदिवेला जिवंत माणसांचे फोटो काढायचे होते. फोटोग्राफरनं एवढं मागणं म्हणजे काही फार मागणं नव्हे. पण नगरात दुकान टाकल्यापासून त्याच्या कॅमेऱ्यासमोर जे गिऱ्हाईक बसलं, ते बहुतेक मागून कुणीतरी धरल्यामुळे बसलं होतं, कारण त्याच्या अंगात जीव उरलेला नव्हता.

त्याचं असं झालं. लढाईच्या दिवसांत कॅम्प सोल्जरांनी नुसता भरून गेला होता आणि प्रत्येकाला घरी पाठवायला आपला फोटो हवा होता. तिथल्या एका पारशाच्या स्टुडिओत आमोस अंधाऱ्या खोलीत काम करायचा. प्लेटी धुवायच्या, कागद वाळवायचे आणि निगेटिव्ह दुरुस्त करायच्या. हे शेवटचं काम त्याच्या हाताला चांगलंच बसलं. काचेवरचा थर चाकूच्या टोकानं हलकेच खरवडला की कागदावर तिथं काळं उमटतं, पेन्सिल फिरवली की उजळतं. एवढ्या दोन गोष्टींच्या जोरावर आमोस देवीचे व्रण बुजवायचा, बसलेले गाल वर आणायचा, डुलकी लागलेल्या सोल्जरला जागा करायचा. पुढं लढाई संपली, सोल्जर गेले, पारशी पुण्याला गेला. जाताना त्यानं जुना मोठा कॅमेरा, त्याची तिपाई आणि एक रंगवलेला पडदा आमोसच्या गळ्यात मारला. पडद्यावर संगमरवरी कठडा होता, मागं तळं आणि तळ्यात दोन राजहंस. एका हंसाची मान बुरशीनं खाल्ली होती. पण नगर जिल्ह्यात राजहंस पाहिलेला माणूस मिळणं कठीण, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

माळीवाड्यात रस्त्याच्या कडेला त्यानं दुकान घेतलं. पुढं दुकान, मागं बिऱ्हाड. पाटी लावली, पडदा टांगला, खुर्ची मांडली आणि वाट बघत बसला. पहिलं बोलावणं आलं ते एका खेड्यातून. म्हातारबा पहाटेच गेले होते, त्यांचा एकही फोटो नव्हता आणि पोरांना भिंतीवर लावायला बापाचं तोंड हवं होतं. आमोस गेला. म्हातारबांना फेटा बांधून भिंतीशी टेकवलं होतं. आमोसनं फोटो काढला, घरी येऊन प्लेट धुतली आणि मिटलेल्या पापण्यांवर चाकू-पेन्सिलीनं दोन डोळे काढले. असे काढले की म्हाताऱ्याची बायको फोटो बघून पदर सावरून बसली.

झालं, बोलबाला व्हायला तेवढं पुरलं. जामखेडच्या वाटेनं, पाथर्डीच्या वाटेनं, श्रीगोंद्याकडून माणसं यायची ती सुतकातली. तो सायकलीला तिपाई बांधून निघाला की रस्त्यावरचे लोक विचारायचे, "आज कोन गेलं?" लग्नसराईत बाकीचे फोटोवाले फेटे बांधून मिरवायचे आणि आमोस दुकानात माशा मारत बसायचा. लग्नघरी त्याचं नाव काढायचीसुद्धा चोरी. एखादी आई पोराला घेऊन दुकानावरून जाताना पोराचं तोंड पलीकडे फिरवायची. आमोस ते बघायचा आणि खुर्चीवरची धूळ झटकायचा.

त्याची बायको कृपा मिशनच्या शाळेत शिकवायची. नवऱ्यापेक्षा दोन बोटं उंच, आणि बोलण्यात त्याहून जास्त. एका रविवारी चर्चमधून येताना ती म्हणाली, "तुम्ही काम चांगलं करता हे दोघांनाच माहीत आहे. तुम्हाला आणि मेलेल्यांना. जिवंतांना ते कसं कळायचं?"

"मग काय दवंडी पिटू?"

"आल्बम करा. नमुन्यांचा. येणाऱ्याच्या हातात द्या, तोंडानं काही बोलू नका. तुम्ही बोललात की बिघडतं."

हे शेवटचं वाक्य आमोसला लागलं, पण खरं होतं. त्यानं काळ्या पानांचा जाडजूड आल्बम आणला, फोटो अडकवायचे चिकट कोपरे आणले, पानांमध्ये घालायला पातळ कागद आणला. प्रश्न होता माणसांचा. हिंदू घरातलं कुणी बसेना. चर्चच्या मंडळीतली माणसं मात्र बसली. त्यांना त्याची भीती नव्हती, लहानपणापासून त्याला चर्चमध्ये बेसूर गाताना ऐकलेलं, त्याची भीती कशाला वाटणार? त्या वर्षी मंडळीत लग्नंही बरीच झाली. आमोसनं नवऱ्या मुलींना पडद्यासमोर न बसवता खिडकीशी बसवलं, उत्तरेच्या उजेडात. राजहंसांना सुट्टी दिली. काढलेल्या फोटोंतला चांगला वाटलेला काही दिवस नजरेआड ठेवायचा, पुन्हा बघायचा, आणि तेव्हाही चांगला वाटला तरच आल्बमात लावायचा. मामेभावाचा फोटो त्यानं असाच काढून टाकला आणि मामीची बोलणी खाल्ली. शेवटी जे उरलं ते खरोखर देखणं होतं. पांढऱ्या साड्या, डोईवर जाळीची ओढणी, हातात फुलं, आणि चेहऱ्यांवर असा उजेड की बघणाऱ्यानं पान उलटायला विसरावं. पहिल्या पानावर कृपा. तिचा फोटो त्यानं सगळ्यांत शेवटी काढला आणि एकदाच काढला. तसा पुन्हा साधणार नाही हे त्याला कळलं होतं.

आल्बम दुकानात दर्शनी टेबलावर आला. थोड्याच दिवसांत श्रीगोंद्याकडच्या छबूबाई नावाच्या एक बाई पाच-सहा जणींचा घोळका घेऊन आल्या. पुतण्याचं लग्न होतं, बाजाराला आल्या होत्या, नेहमीचा फोटोवाला गावाला गेला होता. आमोसनं आल्बम हातात दिला आणि तोंड बंद ठेवलं. छबूबाईंनी पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. मागच्या बायका वाकून बघत होत्या त्या हळूहळू सरळ झाल्या.

"ह्या समद्या बिनकुंकवाच्या का वं?" छबूबाईंनी विचारलं.

आमोसला प्रश्नच कळला नाही. त्यानं मान वाकडी करून आपल्याच फोटोंकडे पाहिलं.

"उठा गं बायांनो," छबूबाई म्हणाल्या. "निम्मी मढी आन् निम्म्या रंडक्या. आसल्या ठिकानी लगनाचा फोटू काढत्यात व्हय?"

त्या गेल्या तरी आमोस आल्बम धरून उभाच होता. फोटोग्राफर माणूस, दुसऱ्याच्या गालावरचा तीळ अंधारात शोधून काढणारा, आणि एवढा सबंध आल्बम केला त्यात एकीच्याही कपाळावर कुंकू नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. येणार कसं? आईचं कपाळ मोकळं, आजीचं मोकळं, बायकोचं मोकळं. त्याच्या लेखी कपाळ असंच असतं.

आता शहाण्यानं काय केलं असतं ते सोडा. आमोसनं बारीक कुंचला घेतला, काळी शाई कालवली आणि नवऱ्या मुलींच्या कपाळावर ठिपके देत सुटला. मेलेल्यांना डोळे देताना त्याचा हात कधी अडखळला नव्हता, आताही अडखळला नाही. फक्त पहिल्या पानाशी तो थोडा थांबला. मग कृपालाही कुंकू लागलं. चांगलं ठसठशीत लागलं, आणि खरं सांगायचं तर तिला शोभून दिसलं. आमोसला ते शोभलेलं आवडलं नाही, पण त्यानं पान उलटलं. कृपाला सांगायचं राहिलं, असं तो पुढं म्हणायचा. राहिलं कसलं? त्यानं सांगितलं नाही.

मिरजगावचे राधाकृष्ण पाटील आणि त्यांची बायको मालनबाई दुकानात आले ते याच आठवड्यात. लेकीचं, विजयमालाचं, लग्न ठरलं होतं. नवऱ्यामुलाकडची माणसं पुण्यात राहिलेली. लग्नाचा फोटो हवा, तो चांगलाच हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं होतं. राधाकृष्ण दारातच उभे राहिले, कारण त्यांनी आमोसचा लौकिक ऐकला होता. मालनबाई सरळ आत येऊन बसल्या. त्यांनीही तो ऐकला होता, पण आधी बघू आणि मग घाबरू असा त्यांचा स्वभाव.

त्यांनी आल्बम सावकाश बघितला. पहिल्या पानावर बराच वेळ थांबल्या.

"फोटू लई झ्याक हायत," त्या म्हणाल्या. "पर येक सांगा. तुमी मेलेल्याचं डोळं उघडता म्हंत्यात. मग ह्या जित्या कशावरून?"

आमोसनं तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं, ते विसरला. "सगळ्या जिवंत आहेत, बाई. शपथेवर सांगतो. ही पहिली तर माझी बायकोच."

"मग बोलवा की."

आणि नेमकी त्याच वेळी शाळेतून आलेली कृपा आतून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पाहुणे आलेत एवढंच तिला कळलं होतं. मालनबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं, आल्बमाकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे बघितलं. मग आमोसकडे वळल्या.

"फोटूत सवाशीन हाय. आन् हितं कपाळ मोकळं. आन् नवरा तर धडधाकट समूर उभा. ह्ये काय गौडबंगाल हाय?"

कृपानं तांब्या ठेवला आणि आल्बम आपल्याकडे फिरवून घेतला. आपला फोटो तिनं बघितला. आमोसचं सगळं लक्ष त्या वेळी जमिनीवरच्या एका फरशीकडे होतं. बायकोला आपण दुसऱ्या कुणाची तरी करून गिऱ्हाइकापुढं ठेवली, हे त्याला तेव्हा पुरतं कळलं आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

कृपानं पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि फोटोतल्या कपाळावर टेकवलं.

"अवं बाई!" मालनबाई ओरडल्याच. त्यांनी झटकन तिचा हात धरला. "काय करता? नवरा हाय की जिता! सोताच्या हातानं पुसता?"

"माझं नाहीच ते," कृपा म्हणाली. आवाज वर्गात शुद्धलेखन सांगताना असतो तसा. "ज्यांनी लावलं त्यांनीच पुसायचं, पण त्यांचा हात आत्ता चालणार नाही."

तिनं हात सोडवून घेतला आणि पुसलं. ठिपका गेला, पण जाताना कागदाची चकाकी घेऊन गेला. कपाळावर बोटाएवढा मंद डाग राहिला. मालनबाई आ वासून बघत राहिल्या.

"आमच्यात लावत नाहीत," कृपानं सांगितलं. "लग्नात अंगठी घालतात. या बाकीच्याही सगळ्या आमच्यातल्याच. सगळ्यांचे नवरे आहेत, काहींचे तर नको तितके आहेत."

"आन् तुमी? सुखी हायसा?"

कृपानं नवऱ्याकडे बघितलं. "आज नाही," ती म्हणाली.

मालनबाईंना हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना, शेवटी डोळे पुसावे लागले. राधाकृष्ण दारातून "चला आता, दुसरीकडं बघू" असं पुटपुटत होते, त्यांच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पुसल्यावर फोटोतली बाई आणि समोरची बाई एकच दिसते, एवढं त्यांना पुरलं असावं.

"लगनाला या, फोटूवाले," त्या म्हणाल्या. "पर माजं येक आयकायचं. कायबी लावायचं न्हाई, कायबी पुसायचं न्हाई. हाय त्ये काढायचं."

कृपा त्या दिवसापासून बरेच दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. बाकीच्या फोटोंवरचे ठिपके आमोसनं स्वतः पुसले. सगळ्याच कपाळांवर डाग राहिले. निगेटिव्ह होत्या, नवे फोटो करून लावता आले असते. त्यानं ते केलं नाही, आणि का नाही केलं हे कुणी विचारलंही नाही.

मिरजगावच्या लग्नात आमोस पहिल्यांदा लग्नघरी पाहुण्यासारखा बसून जेवला. काही बायका त्याच्यापासून लांबून जात होत्या, पण मालनबाईंचा धाक मोठा. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघायच्या आधी अंगणात सगळ्यांचा एकत्र फोटो ठरला. सतरंजी टाकली, खुर्च्या मांडल्या, नवरा-नवरी मधोमध. आमोसनं काळ्या फडक्यात डोकं घातलं. काचेवर सगळं लग्न उलटं टांगलेलं दिसत होतं, आणि कडेला, गोठ्याच्या दारात, एक म्हातारी अर्धी आत अर्धी बाहेर उभी होती. ती राधाकृष्णांची आई झुंबरबाई. नातीला तिनं अंगाखांद्यावर वाढवली होती. लग्नाचे दोन दिवस ती गोठ्याच्या बाजूलाच बसून होती, विधवेनं मांडवात पुढं यायचं नाही म्हणून.

आमोसनं डोकं बाहेर काढलं. "त्या आजी फोटोत अर्ध्याच येतायत. आत तरी घ्या, नाहीतर बाहेर."

"आत्याबाई, या की हिकडं," मालनबाईंनी हाक मारली.

"मी कशाला? पांढऱ्या कपाळाची मी, नवरा-नवरीपाशी?" झुंबरबाई मागं सरली. "आन् ह्यो बाबा तर मेल्यावरच फोटू काढतुया. मी मेले की बोलवा त्याला, बसते गपचीप."

लोक हसले. नवऱ्यामुलाकडच्या एका बाईनं "राहू द्या त्यांना तिथंच" असं म्हटलं. मालनबाईंनी तिकडे कानाडोळा केला आणि गोठ्याशी जाऊन सासूचं मनगट धरलं.

"ह्या फोटूवाल्याची बायकू मी बघून आले, आत्याबाई. कपाळ मोकळं हाय आन् नवरा मुठीत हाय. चला, ऊन चाललंय." आणि म्हातारीला आणून विजयमालाच्या शेजारी बसवली. विजयमालानं आजीचा हात धरून मांडीवर घेतला. नवऱ्यामुलाकडची बाई गप्प बसली, कारण फोटोत गप्पच बसायचं असतं.

"मेल्यावर डोळे मला काढावे लागतात, आजी," आमोस म्हणाला. "आज तुमचेच येतील. हलू नका."

घरी येऊन त्यानं प्लेट धुतली, लाल दिव्यासमोर धरली. आयुष्यात इतका चांगला फोटो त्यानं काढला नव्हता. एवढी माणसं, एकही हललं नव्हतं. नवऱ्याचा शेला-फेटा, विजयमालाच्या डोळ्यांतलं पाणी, मागं उभ्या पोरांचे ओठ, सगळं लख्ख. आल्बमात हा एक फोटो लावला की लग्नांची रीघ लागणार होती. आणि मग त्याला झुंबरबाई दिसली. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

लग्नाच्या फोटोत, नवरीच्या शेजारी, मोकळ्या कपाळाची, डोळे मिटलेली म्हातारी, आणि फोटो काढणारा आमोस भिंगारदिवे. लोक काय म्हणणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मढं बसवलं म्हणतील. डोळे काढायला त्याला संध्याकाळचा चहा निवेपर्यंतचा वेळ पुरला असता. जिल्ह्यात त्याच्याइतके चांगले डोळे कुणालाच काढता येत नव्हते. त्यानं चाकू काढला, टोक पुसलं. काढले असते तर मालनबाईंना कधीच कळलं नसतं. कृपानं प्लेट खिडकीशी नेऊन पाहिली, परत आणून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि स्वयंपाकाला गेली. त्यानं चाकू पेटीत टाकला.

फोटो घेऊन तो मिरजगावला निघाला तो उतारूंच्या सर्व्हिस मोटारीत अंग चोरून बसला. हे लग्न गेलं तर पुढचं मिळणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. मालनबाईंनी ओट्यावर बसून फोटो बघितला. बघितला आणि तोंडाला पदर लावला.

"आत्याबाई, डोळं मिटलं की वं तुमी!"

राधाकृष्णांचा चेहरा उतरला. झुंबरबाईनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. आपण कोणती ते शोधायला तिला वेळ लागला, कारण आपलं तोंड तिनं कागदावर कधी बघितलं नव्हतं. नातीचा हात सापडला, मग त्या हातातला आपला हात सापडला, तिथून ती वर चढली.

"आगं बया," ती म्हणाली. "ही मी? भ्याले बाबा तुज्या त्या डब्याला."

"काढून देऊ का डोळे?" आमोसनं विचारलं. त्याला राहवलं नाही. "काही कळणार नाही, आजी. उघडे करून देतो."

म्हातारीनं फोटोवरून बोट फिरवलं, नातीपासून आपल्यापर्यंत आणि परत.

"नगं रं," ती म्हणाली. "त्ये मेल्यावर काढ. ह्ये मिटल्यालं माजं हायत."

दुसरी प्रत आमोसनं आल्बमात कृपाच्या फोटोसमोर लावली. येणारी बाई पान उलटायची, म्हातारीपाशी अडायची आणि हळूच विचारायची, "ह्या गेल्यात का?"

"जिवंत आहेत," आमोस सांगायचा. "मिरजगावला जाऊन बघून या, मग फोटो काढा."

त्यातल्या काही जणी खरोखर जाऊन आल्या.